धर्मात नापास

“मोहिते बाई, धर्म तुम्ही घ्या,” उपाध्ये सर म्हणाले.

जूनचा दुसरा आठवडा होता. वेळापत्रकाचा मोठा कागद टेबलावर पसरलेला, आणि सरांचा सूर असा, की जणू चित्रकलेचा एखादा उरलेला तास माझ्या गळ्यात घालत होते.

“धर्म म्हणजे?”

“धर्मपरिचय. सातवीला, दर शनिवारी, पहिला तास. रावसाहेबांचा आग्रह आहे.”

“मी विज्ञान शिकवते, सर.”

“हो, पण शनिवारी पहिला तास तुमचाच मोकळा आहे.”

उपाध्ये सर आमचे मुख्याध्यापक. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि तेवढा काळ शाळेत कसलीही खळखळ होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. रावसाहेब म्हणजे दिनकरराव शितोळे, संस्थेचे सचिव. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त होऊन पिंपळखुटीला परत आले होते. माणूस निर्व्यसनी, शिस्तीचा आणि भयंकर चिकट. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती दुसऱ्याच्या डोक्यात उतरेपर्यंत बोलत राहायचे. अठ्ठेचाळीस पानांचं ‘धर्मपरिचय’ नावाचं पुस्तक त्यांनी स्वतः लिहून, साताऱ्याहून छापून आणलं होतं.

मी ते तिथेच चाळलं. अडतीस पानं हिंदू धर्माला, आणि उरलेल्या दहा पानांत जगातले बाकीचे सगळे धर्म.

“सर, अनुदानित शाळा आहे आपली. धर्माच्या शिक्षणाची सक्ती करता येत नाही. पालकांची संमती लागते. घटनेत आहे तसं.”

“ते तुम्ही रावसाहेबांशी बोला,” सर म्हणाले आणि वेळापत्रकाच्या त्या चौकोनात पेन्सिलीनं माझं नाव लिहून मोकळे झाले.

मी बोलले. त्या काळात मी चौतीस वर्षांची होते आणि बोलल्यानं माणसं बदलतात यावर माझा विश्वास होता. रावसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक फाईल पुढे ठेवली. सातवीच्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पालकांच्या सह्या, काही अंगठे. मुलाण्यांची सही होती, कांबळ्यांचीही होती.

“यांना तुम्ही विचारलं की नुसतं सांगितलं?” मी म्हणाले.

“बाई, तुम्हाला नेमकं वाईट काय वाटतंय यात?”

“देवधर्म घरी शिकवावा. शाळेत नाही.”

“घरी!” ते हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. “माझी बायको गेली तेव्हा मुलाचा परदेशातून फोन आला. इंजिनियर आहे. म्हणाला, बाबा, मी आता काय करायचं असतं? तेराव्याला येऊ की दहाव्याला? दोन्हींत फरक काय? मी फोन हातात धरून उभा. घरी शिकवायला मी घरी होतो कधी? बदल्यांत आयुष्य गेलं.”

मला त्या वेळी त्यांची कीव आली नाही, रागच आला. स्वतःच्या मुलाला शिकवायचं राहिलं, म्हणून माझ्या एक्केचाळीस मुलांचा शनिवार घालवायचा, असं माझ्या मनात आलं.

शनिवार सुरू झाले. पहिल्याच तासाला मी फळ्यावर ‘धर्म’ लिहिलं आणि विचारलं, धर्म म्हणजे काय? एका मुलानं हात वर करून सांगितलं, “बाई, पाण्याचा धर्म वाहणं. तुम्हीच गेल्या वर्षी सांगितलंत.”

“तो गुणधर्म.”

“मग हा कुठला?”

मी पुस्तकाचं पहिलं पान उघडायला सांगितलं. शबनम मुलाणी मात्र खूश होती. “बाई, आमची दोनच पानं आहेत. म्हणजे मला अभ्यास कमी ना?” तिला सांगावं लागलं की परीक्षा सगळ्यांना सगळ्या पानांची आहे. तिचा चेहरा पडला. कांबळ्यांच्या मुलानं बापानं लिहून दिलेली चिठ्ठी आणली: पान बेचाळीसवर तीन चुका आहेत, त्या दुरुस्त करून शिकवाव्यात. चिठ्ठी मी रावसाहेबांकडे पाठवली. त्यांनी तीनपैकी एक चूक मान्य केली आणि दोन चुकांवर मला चार पानी पत्र लिहिलं. ते पत्र मी वर्गात वाचून दाखवावं, अशी खाली सूचना. दर शनिवारी घरी जाताना माझं डोकं ठणकायचं. नवऱ्याला सांगायला लागले की तो म्हणायचा, “मग सोड ना नाद. शिकव आणि ये.” त्याचाही राग यायचा.

त्या वर्गात गिरिजा होती. गिरिजा मल्हारी गुरव. बारा वर्षांची, काटकुळी, केसांना कायम खोबरेल चोपडलेलं. गावाबाहेरच्या महादेवाची पूजा गुरवांच्या दोन घरांकडे वर्षाआड असायची. त्या वर्षीचा मान मल्हारी गुरवाचा होता. पण मागच्या फाल्गुनात त्याच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. मुलगा नव्हता. बायको आधीच वारलेली, घरात त्याची एक थोरली बहीण, तीही गुडघ्यांनी अधू. तेव्हापासून देवळाचं सगळं गिरिजा करायची. पोरगी लहान आहे म्हणून गावानंही चालवून घेतलं. देवळाच्या जमिनीचा वाटा पूजा करणाऱ्या घराला मिळायचा, त्यावर त्या घरातल्या तिघांचं पोट होतं.

धर्माच्या तासाला गिरिजा मागच्या बाकावर बसून बहुतेक वेळ पेंगायची. पहाटेची उठलेली असायची. मी तिला कधी हटकलं नाही.

ऑक्टोबरात परीक्षा झाली. पन्नास गुणांची. प्रश्न रावसाहेबांनी काढले आणि सोबत नमुना उत्तरंही दिली, टंकलिखित, मुद्द्यांसह. उपाध्ये सर म्हणाले, “बाई, हात सैल ठेवा जरा. सगळ्यांना तीसच्या पुढे टाकून द्या, म्हणजे विषय संपला.”

“सर, परीक्षा घ्यायची तर नीट घ्यायची,” मी म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत मी पेपर तपासले. नमुना उत्तरं शेजारी ठेवून, मुद्द्याला मुद्दा लावून. शबनमला अडतीस पडले, तिनं सगळी अठ्ठेचाळीस पानं पाठ केली होती. गिरिजाला अकरा. वर्गात नापास ती एकटीच. रावसाहेबांना पहिल्या तीन मुलांचीच नावं चौकात लावायची होती. मी सरांना म्हटलं, गणिताची लावतो तशी पूर्ण यादी लावू, गुणांसकट. सरांनी मान हलवली. यादी मी स्वतः लिहिली, ठळक अक्षरात, खाली शाळेचा शिक्का मारला आणि शिपायाकरवी चौकातल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून घेतली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. गुरवाची पोर धर्मात नापास! चहाच्या टपरीवर, गिरणीत, दुसरा विषय नव्हता. रावसाहेब रस्त्यानं जाताना लोक मुद्दाम विचारत होते, “रावसाहेब, महादेवाला कळवलं का?” शिक्षकांच्या खोलीत देशपांडे बाई हसून हसून खोकायला लागल्या. मीसुद्धा हसले.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मल्हारी गुरव शाळेत आला. एका हातात काठी, दुसरा हात बहिणीच्या खांद्यावर. देवळापासून शाळा दीड मैल आहे. त्या दोघांना किती वेळ लागला असेल कोण जाणे. पायरी चढवेना म्हणून तो व्हरांड्याच्या कडेलाच टेकला. मी बाहेर आले. तो भांडायला आलाय असं धरून मी आधीच तयारी केली होती.

“बाई,” तो म्हणाला. आजारानं त्याची जीभ जड झाली होती. “पोरीचं काय चुकतंय?”

“काही नाही हो. एक लहानशी परीक्षा होती.”

“न्हाई, तसं न्हवं. नापास झाली म्हंजे कायतरी चुकत असंल. मीच शिकिवलंय तिला. माझ्या बानं मला शिकिवलं तसंच. आता माझंच काय इसरलं असंल तर तेवढं सांगा. म्या सुधरून घेतो.”

त्याची बहीण मध्येच बोलली, “त्ये सदाचं सांग की.”

सदाशिव गुरव म्हणजे दुसऱ्या घरातला, मल्हारीचा चुलतभाऊ. त्यानं फलकावरची यादी काढून घेतली होती आणि देवस्थानच्या पंचांकडे गेला होता. म्हणणं असं, की मल्हारी आजारी, पोरगी कारभार करते, ते आजवर चालवून घेतलं. पण शाळेनंच लिहून दिलंय की पोरीला धर्मातलं काही कळत नाही. मग तिच्या हातची पूजा देवाला कशी चालायची? मान या वर्षापासूनच आपल्याकडे द्यावा, कायमचा.

“सोमवारी बैठक हाय,” मल्हारी म्हणाला. “पंच म्हणत्यात, शाळेचा कागद हाय, शिक्का हाय. आमी काय बोलणार?”

“गिरिजा कुठाय? दोन दिवस शाळेत नाही ती.”

“देवळात बी जाईना,” बहीण म्हणाली. “म्हंती, मला येत न्हाई. पायरीवर बसून ऱ्हाती. काल म्याच सरकत सरकत जाऊन पाणी घातलं.”

ते दोघं परत निघाले. मी पाठमोरी ती काठी बघत राहिले. मग वर्गात जाऊन गिरिजाचा पेपर काढला आणि तशीच रावसाहेबांच्या घरी गेले. चालताना माझा पारा चढत होता. या माणसाच्या हट्टापायी हे झालं, आता यानंच निस्तरावं.

रावसाहेब ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. तीन दिवसांच्या थट्टेनं थकलेले दिसले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. “हे होणारच होतं. मी जूनमध्येच सांगत होते तुम्हाला. आता तुमची यादी रद्द करा आणि पंचांना कळवा.”

“पेपर आणलाय का?” एवढंच ते म्हणाले.

मी दिला. त्यांनी चष्मा बदलला आणि वाचायला लागले. धर्माची दहा लक्षणं लिहा, याखाली गिरिजानं काही लिहिलं नव्हतं. चार वेदांची नावं, त्यातली दोन. पण शेवटचा प्रश्न होता, ‘आपण धर्म कसा पाळतो?’ त्याचं तिनं दीड पान लिहिलं होतं. रावसाहेब ते हळू आवाजात वाचायला लागले.

“मी उठून आधी गाभारा झाडते. रात्रीची फुलं काढते, ती पायाखाली येऊ देत नाही, वडाच्या बुंध्यात टाकते. बेलाचं पान भोकाचं असलं तर घेत नाही. बेल तोडताना झाडाला हात लावून सांगते. पाणी घालताना बोलायचं नाही असं आबांनी सांगितलंय पण मी मनात बोलते. पाऊस असला तर कुत्री आत येतात, त्यांना मी हाकलत नाही. जगतापांच्या आक्काला पायऱ्या चढवत नाहीत म्हणून तिला तीर्थ खाली नेऊन देते. ती विचारते, देव बरा आहे का? मी सांगते, बरा आहे.”

रावसाहेब थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. पानाच्या कडेला माझ्या लाल शाईनं लिहिलेलं होतं: दहापैकी एक. मुद्दे नाहीत.

“याला एक मार्क?” ते म्हणाले.

“तुमच्या नमुना उत्तरात यातलं काही नव्हतं.”

“मी याला दहापैकी दहा दिले असते.”

“मग तसं लिहून द्यायचं होतं!” माझा आवाज चढला. “तुम्ही सहा मुद्दे दिलेत. स्नान, संध्या, सण, व्रतं, दान, तीर्थयात्रा. मी त्याप्रमाणे तपासलं.”

“बाई, तुम्ही किती वर्षं पेपर तपासताय?”

“बारा.”

“बारा वर्षांत कधी असं तपासलंत? विज्ञानात एखाद्या मुलानं स्वतःच्या शब्दांत बरोबर लिहिलं तर एक मार्क देता?”

मी पेपर घ्यायला हात पुढे केला, त्यांनी तो दिला नाही.

“उपाध्ये मला म्हणाले होते, मोहिते बाई मनानं फार देतात. कुणाला नापास करत नाहीत.” ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. “मग ही एकटीच कशी झाली?”

तोवर मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. पण त्या ओट्यावर मला ते आपसूक आठवलं. सुट्टीत पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले होते. गिरिजाचं दीड पान मी वाचलं होतं, आणि वाचून थांबले होते. पहिल्यांदा मी नऊ मार्क लिहिले होते. बेरीज एकोणीस येत होती. पास. मग माझ्या मनात आलं, गुरवाची पोर जर धर्मात नापास झाली, तर? अख्खं गाव हसेल. रावसाहेबांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हा विषय एका आठवड्यात बंद पडेल. मी ब्लेडनं तो नऊ खरवडला आणि तिथे एक लिहिला. मला आनंद झाला होता. शाळेत, संस्थेच्या ऑफिसात, सगळीकडे बोलून थकले होते, आता एका आकड्यात काम होणार होतं. पूर्ण यादी लावायची कल्पना मला तिथेच सुचली.

रावसाहेबांनी कागद उन्हाकडे धरला होता. खरवडलेली जागा त्यांना दिसली असणार. त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं.

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “माझं हसं करायचं होतं तर माझं नाव यादीत घालायचं होतंत. तिचं कशाला घातलंत?”

सोमवारी सकाळी देवळाच्या मंडपात पाच पंच बसले होते. सदाशिव गुरव यादीची घडी खिशात घालून तयार. मल्हारी एका खांबाला टेकलेला. गिरिजा आत्याच्या मागे उभी होती, मान खाली. रावसाहेब आणि मी बरोबरच गेलो. बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण मी म्हटलं, मी बोलते.

“ही यादी चुकीची आहे,” मी म्हणाले. “गिरिजा पास होती. मी तिचे मार्क कमी केले.”

“आता पोरीला वाचवायला बाई असं म्हणणारच,” सदाशिव म्हणाला. “शाळेचा शिक्का खोटा असतोय व्हय?”

“शिक्का खरा आहे. मार्क खोटे आहेत. हा विषय बंद पडावा म्हणून मी तिला मुद्दाम नापास केलं.”

मी पंचांकडे बघत होते, पण गिरिजानं मान वर केलेली मला दिसली. तिनं माझ्याकडे पाहिलं. नापास झाली तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याला येत नाही. आता तिला कळलं होतं की येत असूनही बाईंनी नापास केलं. यातलं कुठलं जास्त लागतं, मला ठाऊक नाही.

मग रावसाहेबांनी तिचं उत्तर वाचून दाखवलं, सावकाश, एखादा सरकारी हुकूम वाचावा तसं. आक्काचं वाक्य आलं तेव्हा पंचांतले सर्जेराव जगताप एकदम म्हणाले, “थांबा. परत वाचा.” रावसाहेबांनी परत वाचलं. “ती माझी आई,” जगताप म्हणाले. “तीर्थ मिळालं म्हणून सांगते रोज. मला वाटायचं, म्हातारीला भास होतोय.” पुढे फारसं काही बोलणं झालं नाही. मान मल्हारीकडेच राहिला. सदाशिवनं यादी तिथेच टाकली आणि निघून गेला.

बाहेर पडताना रावसाहेब मला म्हणाले, “शनिवारचा तास विज्ञानाला घ्या.” ‘धर्मपरिचय’चे उरलेले गठ्ठे त्यांनी शाळेतून घरी नेले. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. माझ्यावर कारवाईही केली नाही. उपाध्ये सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. देशपांडे बाई म्हणाल्या, “जिंकलात बाई तुम्ही.” मी त्यांच्यावर इतकी खेकसले की महिनाभर आमचं बोलणं बंद होतं.

आजही मला कुणी विचारलं, शाळेत धर्म शिकवावा का, तर मी नाहीच म्हणते. माझं मत तेव्हा बरोबर होतं, अजूनही आहे. पण हल्ली या विषयावर तावातावानं बोलणारा माणूस दिसला, कुठल्याही बाजूचा, की मला त्याचा वैताग येतो, आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

डिसेंबरात एका शनिवारी शाळा सुटल्यावर गिरिजा वर्गात एकटी दप्तर भरत होती. बैठकीनंतर ती रोज येत होती, विचारलं तेवढं बोलत होती. मी तिच्या बाकाजवळ गेले.

“पूजा सुरू केलीस ना परत?”

“आत्या करते.”

“तिचे गुडघे...”

“हो. मी पाणी आणून देते दारापर्यंत. बेल तोडून देते.”

“आत का जात नाहीस? सगळे तर म्हणाले, तुझं काही चुकत नव्हतं. मी सांगितलं ना.”

ती दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मला वाटलं, ती रडेल, किंवा मला काहीतरी लागेल असं बोलेल. तिच्या मनात तसं काही नव्हतं. तिला फक्त तिची अडचण सांगायची होती.

“गेले होते बाई दोनदा,” ती म्हणाली. “पण आता पाणी घालताना असं वाटतं, मागं कुणीतरी उभं राहून तपासतंय.”